उशीखालचा चष्मा

माझ्या लेकरांनो,

थोरलीचा परवा फोन आला. तिला चष्म्याचा कंटाळा आलाय, लेझर करून घ्यायचंय, पण तिकडे अमेरिकेत त्याचा जो खर्च सांगतात तो ऐकून तिचे डोळे पांढरे झाले. "आजी, आईनं हैदराबादला केलं होतं ना? मी पण तिकडेच येते. विमानाचं तिकीट धरूनसुद्धा स्वस्तात पडतं." हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलेलं आहे, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून.

मग ती म्हणाली, आईला विचारलं की कुठल्या प्रकारचं केलं, तर आई म्हणते, साधंच. ते साधं नव्हतं. मी तुमच्या आईला फोन करून विचारलं, मुलांना लिहू का? ती म्हणाली, "लिही. मला तोंडानं सांगता येणार नाही. पण लिहिशील तर सगळं लिही, अर्धवट नको."

तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता. म्हणून जे आधी घडलं ते आधी सांगते. मी हैदराबादला मिशनच्या शाळेत शिकले, पुढे आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, तरी ही हकिकत इंग्रजीत लिहायला घेतली की दुसऱ्याच कुणाच्या घरची वाटते.

तुमच्या आईला सातव्या वर्षी चष्मा लागला आणि नंबर दरवर्षी वाढत गेला. चष्मा काढला की तिला स्वतःच्या पसरलेल्या हातापलीकडचं सगळं पुसट दिसायचं. भूकंप झाला तेव्हा ती अकरावीत होती. आम्ही लातूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळं गाव दमून झोपलेलं. पहाटे जमिनीखालून एखादा भरलेला ट्रक घरघरत जावा तसा आवाज आला, पलंग सरकला, आणि स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी भिंतीतून निखळून खाली आली. तुमच्या आईचा चष्मा तिच्याच खाली ओट्यावर ठेवलेला होता. त्याचा भुगा झाला. ती माझा पदर धरून ठेचकाळत मैदानात आली.

आमचं क्वार्टर टिकलं. किल्लारीकडची दगडमातीची घरं टिकली नाहीत. उजाडल्यावर तिकडून ट्रक यायला लागले. सरकारी दवाखाना आमच्या घराजवळ होता, त्यामुळे प्रत्येक ट्रक आमच्या फाटकावरून जायचा. ज्यांचं अंग झाकलं होतं ती माणसं आणि ज्यांचं झाकलं नव्हतं ती माणसं एकाच ट्रकमध्ये होती. एका बाईचा हात फळीवरून खाली लोंबत होता आणि त्या हातात बांगड्या तशाच होत्या, एकही फुटली नव्हती.

"आई, त्या गाडीत काय आहे?" तुमची आई विचारत होती.

"काही नाही गं. सामान आहे."

"सामान कण्हत नसतं, आई."

नवा चष्मा मिळेपर्यंत तिनं तो सगळा काळ असाच काढला, नुसत्या आवाजांवर. आजोबा गावांकडून परत येऊन अंगणात कपडे काढून टाकायचे तेव्हा त्यांच्या अंगाला कसला वास येतो हे तिला कळायचं, पण त्यांचा चेहरा दिसायचा नाही. ती मला एकदा म्हणाली, "जे येतंय ते मला दिसत नाही. अंगावर पडल्यावरच कळतं." हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच सुमारास लातूरला क्लासचं पेव फुटलं. औसा, रेणापूर, उदगीर, नांदेड, सगळीकडून पोरं यायची. गावात भाड्यानं खोली मिळायची नाही, खाट मिळायची. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लावलेले. भूकंपानंतर लोकांना डोक्यावर स्लॅब नको वाटायचा, म्हणून तुमच्या आईचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. फिजिक्सचे एक सर होते. फार हुशार आणि फार मारके. थप्पड बसली की पत्र्यात आवाज घुमायचा.

त्यांच्या क्लासात एक रीत होती. कधीतरी एका मुलाला मारताना त्याच्या चष्म्याची काच फुटून भुवईत घुसली होती. मुलाचे वडील गावाकडून आले. रक्तानं भरलेला सदरा बघितला आणि सरांना हात जोडून म्हणाले, "मारा ना सर, खुशाल मारा. पण चष्मा काढून मारा. घडीघडी नवा कुठून आणू?" सरांना हे पटलं. तेव्हापासून ते चष्मेवाल्या मुलासमोर जाऊन उभे राहायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "चष्मा." मुलानं चष्मा काढायचा, काड्या मिटायच्या, बाकावर ठेवायचा, मान वर करायची. मग थप्पड. सगळ्या क्लासला हे सोयीचं वाटायचं. सर काळजी घेतात, असं पालक म्हणायचे.

मी गेले होते सरांकडे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"सर, माझ्या मुलीला मारू नका."

"मारत नाही हो मॅडम. जागं करतो. तुमच्या शाळेत नसतील मारत. बोर्डात किती पोरी येतात तुमच्या?"

"तिचा कान सुजलाय."

"कानानं पेपर लिहायचा नसतो. चहा घ्या, निवून राहिला."

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू होताच त्यांनी विचारलं, "मॅडमची लेक कोण हाय? उभी राहा. चष्मा." त्या दिवशी एका गालावर भागलं नाही. घरी आली तेव्हा डाव्या कानात शिट्टी वाजत असल्यासारखं तिला ऐकू येत होतं. दप्तर ठेवून ती शांतपणे म्हणाली, "आई, तू परत कधी कुणाकडे जाऊ नकोस." तिला चांगले मार्क मिळाले, नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, आजोबांनीही बदली मागून घेतली आणि आम्ही इकडे आलो. सरांना आम्ही पेढे दिले. तेव्हा ते द्यावेच लागत.

तुमच्या वडिलांचं स्थळ उदगीरकडच्या ओळखीतून आलं. कॉम्प्युटरमधली नोकरी, अमेरिकेत स्थायिक, बोलायला गोड. लग्नानंतर नव्यानवलाईच्या दिवसांत तुमच्या आईनं त्यांना क्लासच्या गोष्टी सांगितल्या. सरांची नक्कल ती झकास करायची, ते पोट पुढे काढून उभं राहणं, तो एक शब्द. ते खूप हसले. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. "आई, तो शब्द त्यांना मीच शिकवला."

थोरले, तू चार वर्षांची होतीस आणि धाकटा दोनचा, तेव्हा तुमची आई तुम्हाला घेऊन हिवाळ्यात नांदेडला आली. लेझरसाठी. निघायच्या आधी तुमच्या वडिलांचा फोन आला होता. "आई, तिचा चष्मा घालवून टाकू एकदाचा. तिकडेच करू. विमानाचं तिकीट धरूनसुद्धा स्वस्तात पडतं." शेजारपाजारच्या बायकांना मोठं नवल वाटलं. लोक इलाजाला अमेरिकेला जातात आणि ही अमेरिकेहून आपल्याकडे आली म्हणून.

तुम्ही येऊन थोडे दिवस झाले होते. दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि लाईट गेली. तेव्हा भारनियमनाचा फार त्रास होता. आजोबा भरल्या ताटावरून उठले आणि फोनवर वीज मंडळाच्या माणसाला झापू लागले. "अरे, सकाळपासून काय झोपून राहिले का तुम्ही? बिल भरताना एक दिवस उशीर झाला तर लगेच वायर तोडता!" तुम्हाला आजोबांचा तो आवाज आठवत नसेल. त्यांनी ओरडायला सुरुवात केली की समोरच्या घरचं कुत्रंही उठून बसायचं.

तुमची आई वरण वाढत होती. तिनं पळी खाली ठेवली. चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि ताटाजवळ ठेवून दिला. मग मान वर केली, डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली. मला काही कळेना. आणि तू, चार वर्षांची, तोंडातला घास तसाच ठेवून उठलीस. दोन्ही हातांनी तो चष्मा उचललास, आतल्या खोलीत गेलीस, हात रिकामे घेऊन परत आलीस आणि ताटावर बसून दोन्ही कानांवर हात ठेवलेस.

मी आत जाऊन पाहिलं. चष्मा उशीखाली होता.

"बाळा, चष्मा का गं ठेवलास तिथे?"

"तुटतो," तू म्हणालीस.

आजोबा बाहेर अजून ओरडतच होते. मी तो चष्मा घेऊन ताटावर परत आले आणि तुझ्या आईकडे नीट पाहिलं. तिच्या चष्म्याची डावी काडी वाकलेली होती आणि दोऱ्यानं बांधलेली होती. आल्यापासून रोज मी ती बघत होते.

हैदराबादला आम्ही दोघीच गेलो, तुम्हाला आजोबांजवळ ठेवून. मुदखेडला गाडी थांबली, डबा रिकामा झाला, तेव्हा मी विचारलं.

"मारतात का?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आई, तू सरांकडे गेली होतीस, आठवतं?"

"आठवतं."

"मग विचारू नकोस."

दवाखाना स्वच्छ आणि प्रचंड होता. आफ्रिकेतली माणसं होती, आखातातली होती, सगळी स्वस्तात डोळे करून घ्यायला आलेली. डॉक्टर एक मध्यमवयीन तेलुगू बाई होत्या, इंग्रजी आणि हैदराबादी हिंदी दोन्ही भरभर बोलायच्या. त्यांनी तुमच्या आईच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि बराच वेळ आत बघितलं. डाव्या डोळ्याशी आल्यावर त्या बोलायच्या थांबल्या.

"इथे आतल्या पडद्याला भेग पडलीय. कधी मार लागला होता?"

"मुलाचा चेंडू लागला," तुमची आई म्हणाली.

डॉक्टर मग ऑपरेशनचे प्रकार समजावून सांगू लागल्या. एका प्रकारात बुबुळावरचा पातळ थर दुधावरच्या सायीसारखा उचलतात, खाली लेझर मारतात आणि साय परत बसवतात. दुखत नाही, दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. पण ती साय पुन्हा पहिल्यासारखी घट्ट बसत नाही, जोराचा फटका बसला तर सरकते. म्हणून पैलवान, बॉक्सर, फौजेतली मुलं आली तर त्यांचं दुसऱ्या पद्धतीनं करतात, वरची त्वचा खरवडून. त्यात दिवसचे दिवस वेदना होतात, दिसायला वेळ लागतो, पण नंतर सरकायला काही उरत नाही. "तुमच्यासाठी पहिलंच चांगलं," त्या म्हणाल्या.

"मला दुसरं करा."

डॉक्टर हसल्या. "क्यों अम्मा? कुश्ती खेलते क्या आप?"

तुमची आई हसली नाही. थेंबांमुळे तिच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे नुसते काळे दिसत होते. त्या डोळ्यांनी तिला कुणाचाच चेहरा दिसत नसणार, माझाही नाही. "घर में मार पड़ती," ती म्हणाली. आमच्या घरातल्या भाषेत नाही, तिकडच्या इंग्रजीत नाही, तिसऱ्याच भाषेत तिनं ते सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "डाव्याच बाजूला लागतंय. म्हणजे मारणारा उजव्या हाताचा आहे."

"हो."

"ऐका. ही भेग मी आजच चटके देऊन बंद करते. तिच्या कडेनं डाग पडतात, त्या डागांवर पडदा धरून राहतो. पण तो शिवणीसारखा आहे, पोलादाचा नाही. अजून एक तसाच फटका बसला तर पडदा सुटेल आणि हा डोळा जाईल. नंबर घालवणं माझ्या हातात आहे. फटका माझ्या हातात नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

बाहेर बाकावर मी तुमच्या आईला म्हटलं, "मग हे दुसरं ऑपरेशन तरी कशाला? डोळा वाचतोय तेवढं पुरे. चष्मा राहू दे."

तेव्हा ती बोलली. एकदाच, आणि सगळं. "आई, ते आधी चष्मा काढायला सांगतात. काढला की मला काही दिसत नाही. नुसता एक रंग असतो समोर, शर्टाचा. हात कुठून येतोय ते कळत नाही, कधी येतोय ते कळत नाही. कधी एक मारून थांबतात, मला वाटतं संपलं, मी खाली वाकते चष्मा शोधायला आणि मग दुसरा बसतो. स्वयंपाकघराच्या फरशीवर मी हातानं चाचपत असते आणि ते उभे राहून हसत असतात. एकदा मला हात येताना दिसू दे. फक्त दिसू दे."

"परत जाणार आहेस?"

"तिकीट परतीचं आहे."

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो आणि दुसरं ऑपरेशन झालं. तिथे नातेवाइकांना बाहेर टीव्हीवर दाखवतात. सगळ्या पडद्यावर तिचा एकच डोळा होता, पापण्या तारेच्या चिमट्यानं ताणून धरलेल्या. एक छोटा फिरता ब्रश बुबुळाचा वरचा थर खरवडत होता आणि तो थर भिजलेल्या कागदासारखा गोळा होत होता. मग लाल ठिपका आला आणि टकटक आवाज सुरू झाला. माझ्या शेजारी बसलेली माणसं तोंड फिरवून बसली. मी बघितलं. तुमची आई पुढे म्हणाली की केस जळाल्यासारखा वास येत होता आणि तो आपल्याच डोळ्याचा आहे हे तिला कळत होतं.

दवाखान्यासमोरच्या लॉजमध्ये आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तिला इतकं दुखायला लागलं की ती टॉवेल तोंडात धरून भिंतीवर टाचा आपटायची. मी थेंब घालायला गेले की माझं मनगट धरायची आणि सोडायची नाही. मी रडायला लागले तर टॉवेल काढून म्हणाली, "रडू नकोस गं. हे दुखणं मी मागून घेतलंय."

नांदेडला परत आल्यावर आजोबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्या दिवसापासून ते घरात आवाज चढवून बोललेच नाहीत, अगदी वीज मंडळाशीसुद्धा नाही. हळूहळू तुमच्या आईला दिसायला लागलं. गच्चीवर उभी राहून ती लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायची आणि आजोबा खालून न ओरडता विचारायचे, "त्याच्या खालची ओळ?"

परतीची तारीख उलटून गेली. फोनवर तुमचे वडील आधी गोड होते, मग नव्हते. आणि एका सकाळी न कळवता ते दारात उभे राहिले. हैदराबादच्या विमानतळावरून थेट गाडी करून आले होते. माझ्या पाया पडले, तुमच्या हातात चॉकलेटची पिशवी दिली. आजोबा बँकेत गेले होते. मी दिवाणखान्यात मांडीवर सूप घेऊन हिरवे हरभरे सोलत बसले होते.

"काय आई, लेकीला माहेर फारच मानवलं! सोडवत नाही वाटतं?"

"बसा. पाणी आणते."

"पाणी नको. तिला बोलवा. बॅग भर म्हणावं, संध्याकाळी निघायचंय."

तुमची आई आतल्या दारात येऊन उभी राहिली. "मी येणार नाही."

ते हसले. "काय म्हणालीस?"

"मी येणार नाही. मुलंही येणार नाहीत."

ते उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. पोट जरा पुढे काढून, अगदी तिनं करून दाखवलेल्या नकलेसारखे. आवाज मुळीच चढवला नाही. म्हणाले, "चष्मा."

थोरले, तू आतून धावत आलीस. दोन्ही हात पुढे करून आलीस, नेहमीसारखा चष्मा घ्यायला. तुझ्या आईच्या तोंडाकडे पाहिलंस. चष्मा नव्हता. तुला काय करावं ते कळेना आणि तू तशीच हात पसरून उभी राहिलीस.

मी उठायला गेले. सूप उलटं झालं, हरभरे फरशीवर पसरले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. डावा डोळा. ती शिवण.

त्यांनी हात उचलला. पूर्ण मागे नेला, घाई न करता, कारण समोरच्याला दिसत नाही अशी त्यांना सवय होती. तुमची आई त्या हाताकडे बघत होती. खांद्यापासून बोटांपर्यंत बघत होती. हात निघाला आणि ती एक पाऊल बाजूला झाली. एवढंच. तो हात तसाच पुढे गेला आणि दाराच्या लोखंडी चौकटीवर, कडीच्या कोंड्यावर बसला. वाळलेली काडी मोडावी तसा आवाज आला.

ते गुरासारखे ओरडले. मग डाव्या हातानं त्यांनी तिचे केस धरले आणि तिचं डोकं चौकटीकडे ओढलं. डाव्या बाजूनं. मी तोपर्यंत पोचले होते. मी शिकलेली बाई आहे, जन्मात कुणाला चापट मारली नाही, वर्गातसुद्धा नाही. मी त्यांचा तो मोडलेला हात दोन्ही हातांत धरला आणि पिळला. ते किंचाळले तरी पिळला. केस सोडेपर्यंत पिळत राहिले. आतलं हाड हाडावर घासलेलं मला माझ्या तळव्याला कळलं, अजूनही कळतं. केस सुटले. ते खाली बसले, हरभऱ्यांत.

धाकटा माझ्या साडीला धरून रडत होता. तुमची आई भिंतीला टेकून उभी होती, एक डोळा झाकायची, दुसऱ्यानं बघायची, मग दुसरा झाकायची. "दिसतंय," ती म्हणाली. "दोन्हीनं दिसतंय."

आजोबा आले तेव्हा हे असं होतं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, हातातली केळी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चला जावईबापू, प्लॅस्टर घालून आणतो." तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण घरी आलेल्या जावयाला मोडक्या हातानं रस्त्यावर सोडणं त्यांच्यानं झालं नसतं. त्यांनीच हाक मारून ऑटो थांबवला. पुढची हकिकत त्यांनीच सांगितली. ऑटोवाल्यानं आरशात बघून विचारलं, "सायबाला काय झालं ओ? दार लागलं का?"

"दार कशाला लागतंय," आजोबा म्हणाले. "दार त्याच्या जागीच होतं. हेच जाऊन लागले."

"लई जोरात लागले वाटतं."

"हाव. पहिल्यांदाच नेम चुकला."

हाडाच्या डॉक्टरांकडे प्लॅस्टर वाळत असताना आजोबांनी त्यांना सांगितलं, "तिचा आणि लेकरांचे पासपोर्ट आताच बँकेच्या लॉकरात ठेवून आलो. तुमची गाडी बाहेर बोलावून ठेवलीय. पाणी हवं का?" त्यांनी पाणी घेतलं नाही. त्याच गाडीनं ते गेले.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. तुम्ही दोघं इथल्या बालवाडीत गेलात. तुमच्या आईनं तिकडच्या कोर्टात जे करायचं ते केलं, मग स्वतःच्या नोकरीवर तुम्हाला घेऊन परत गेली. तुम्ही सुट्टीत वडिलांना भेटता. भेटावं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवायचं, मी सांगणार नाही. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे आणि ती क्रिकेट खेळताना मोडली असं त्यांनी तुम्हाला सांगितलंय, हे धाकट्यानं मला सांगितलं होतं. ते क्रिकेट नव्हतं. पहिला घाव चौकटीचा होता, बाकीचं माझं आहे.

थोरले, तू खुशाल ये. मी आता काठी घेऊन चालते, पण हैदराबादला तुझ्याबरोबर येईन. तुझा चष्मा सौंदर्यासाठी काढायचा असेल, आळसापोटी काढायचा असेल, कशासाठीही काढ. डॉक्टर तुला विचारतील, मार लागतो असं काही खेळतेस का. तू नाही म्हणालीस की मी तुझ्या तोंडाकडे बघणार आहे. तेवढं मला बघू दे.

आजोबा गेले. लातूरचं क्वार्टर पाडलं. तो क्लास आता चार मजली झालाय म्हणे. तुमच्या आईचा चष्मा माझ्या कपाटात आहे, डाव्या काडीला दोरा तसाच आहे. कुणाचा आवाज चढला की तिचा हात अजून कानशिलाकडे जातो आणि तिथे काही नसतं, मग तो केस सारखे करून खाली येतो. तुम्ही ते पाहिलं असेल. डाव्या डोळ्याच्या पडद्यावरचे डाग दरवर्षी तपासतात. ते जिथे होते तिथेच आहेत. डोळा शाबूत आहे.